आठ बाय चारच कायले पाहिजे, भाऊ?

पत्राचा सारांश: नागपूरचे एक वाचक, वय ४१, हिंगण्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत. पॅनल वायरिंग रोजचंच, वेल्डिंगही कामापुरतं येतं. दोन वर्षांपासून घरी स्वतःच सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन, बनवायचं त्यांच्या डोक्यात घोळतंय. गच्चीवर १० बाय १२ फुटांची टिनाची खोली आहे, दीड लाख बाजूला काढलेत. नावाच्या पाट्या, देवघराच्या जाळ्या, तान्ह्या पोळ्याचे (पोरांच्या पोळ्याचे) लाकडी नंदी असं बनवून विकायचा विचार आहे. साळ्याचं फर्निचरचं दुकान आहे, तो म्हणतो दरवाज्यांचं कोरीव काम मीच देतो पण मशीन आठ बाय चार फुटांचं पाहिजे. मित्र म्हणतो ३०१८ ची, म्हणजे टेबलावर मावणाऱ्या छोट्या मशीनची, किट घे आणि आधी शीक. बायको म्हणते त्या खोलीतले कुरडया-पापडाचे डबे मग कुठे ठेवायचे. त्यांचे प्रश्न तीन: साइज किती, गॅन्ट्री (टेबलावरची आडवी कमान, जिच्यावर कापायची मोटर बसते) फिरणारी की टेबल फिरणारं, आणि ते सरकवायला बॉल स्क्रू (आट्यांचा दांडा) की रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं दातेरी चाक). शेवटी लिहितात, "एकदाच पैसे लावायचे आहेत, म्हणून मोठंच करावं असं वाटून राहिलं."

भाऊ, आधी एक सांगा, त्या टिनाच्या खोलीचं दार किती रुंद आहे? पत्रात खोलीचं माप दिलंत, बजेट दिलंत, साळ्याचं मत दिलंत, दाराचं माप मात्र नाही. गच्चीवर जाणारा जिना कुठे आणि कसा वळतो तेही नाही. उगाच विचारून नाही राहिलो. माझं पहिलं मशीन मी मागच्या खोलीत बसून बनवलं, १८ मिमी एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) फ्रेम, ड्रॉवरचे टेलिस्कोपिक चॅनल, भंगारातून आणलेल्या मोटरी, सगळं मस्त बसलं आणि मग ध्यानात आलं की फ्रेम ३४ इंची आणि दार ३० इंची. मशीन उघडून बाहेर काढावं लागलं, आणि एकदा उघडलेलं ते मशीन परत कधी गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसलंच नाही. त्यात जुलै लागला, एमडीएफ पाणी पिऊन फुगला, चॅनल अडकायला लागले, आणि गणपती येईस्तोवर त्या मशीनचं टेबल झालं, मखराचं सामान ठेवायला.

तर दार मोजा, जिना मोजा, आणि मग पुढचं वाचा.

एकदाच पैसे लावायचे म्हणून मोठंच करावं, या तुमच्या वाक्याच्या पोटात एक समजूत आहे की मोठ्या मशीनवर छोटं काम होऊनच जातं. गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बाबतीत हे खरं आहे, मोठ्या गंजात वाटीभर भाजी होते, फार तर थोडी खाली लागते. मशीनचं तसं नसतं. आज रात्री जेवण झाल्यावर एक प्रयोग करा. एक फुटाची स्टीलची पातळ पट्टी घ्या, टेबलाच्या काठावर घट्ट दाबून पाच इंच बाहेर काढा, टोकाला दोऱ्याने दोन-चार नट लटकवा, मागे पुठ्ठा उभा धरून टोक किती खाली आलं ती खूण करा. मग तीच पट्टी दहा इंच बाहेर काढा, नट तेवढेच. लांबी दुप्पट झाली म्हणून वाकही दुप्पट होईल असं मन सांगतं, पण तो जवळपास आठपट येतो, कारण वाक लांबीच्या घनाने वाढतो. तुमच्या मुलांना बोलवा हे पाहायला, त्यांच्या अभ्यासातही कामी येईल.

आता हीच पट्टी म्हणजे तुमची गॅन्ट्री समजा. चार फुटी शीट आत घ्यायचं तर दोन्हीकडच्या आधारांमधलं अंतर दीड मीटरच्या आसपास जातं, दोन फुटी मशीनला ते ८०० मिमीत भागतं. तोच पाइप दोन्हीकडे वापरला तर मोठ्या मशीनची गॅन्ट्री मधोमध साडेसहापट जास्त वाकणार. मग तुम्ही म्हणाल पाइप जाड घेऊ, बरोबर आहे, घ्यावाच लागेल, पण मग गॅन्ट्री जड झाली, जड झाली म्हणून मोटर मोठी, मोटर मोठी म्हणून ड्रायव्हर आणि पॉवर सप्लाय मोठा, खालची फ्रेमही तेवढी दणकट पाहिजे, आणि हे सगळं करता करता दीड लाख कधी संपले ते कळतच नाही, मशीन अर्धं राहतं आणि त्यावर ताडपत्री पडते. अशी ताडपत्रीखालची मशीनं मी बरीच पाहिलीत. आणि समजा कमी पैशात ओढूनताणून उभं केलंच, तर सगवानात बिट, म्हणजे कापायचं पातं, शिरला की गॅन्ट्री थरथरते, कापलेल्या कडेवर बारीक बारीक लाटा उठतात. कच्च्या लाकडावर त्या दिसत नाहीत बरं का, पॉलिश मारल्यावर दिसतात, म्हणजे गिऱ्हाईक समोर उभं असताना.

बॉल स्क्रूचंही तेच. १६ मिमी जाडीचा स्क्रू एक मीटरपर्यंत गुपचूप काम करतो. आठ फुटांचा घेतला आणि जोरात फिरवला की तो मधून दोरीवरच्या उड्यांसारखा फिरायला लागतो. म्हणून लांब मशीनला रॅक-पिनियनच लावतात, हौस म्हणून नाही. पण त्याचा हिशोब वेगळा आहे. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ५ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा) स्क्रू असेल, म्हणजे बाजारात १६०५ नावाने मिळतो तो, तर एक पाऊल ०.०२५ मिमीचं पडतं. मॉड्यूल १ चं (हा दात्याच्या मापाचा आकडा) २० दात्यांचं पिनियन थेट मोटरवर बसवलं तर एका फेऱ्यात ६२.८ मिमी, एक पाऊल ०.३१ मिमीचं. मायक्रोस्टेपिंगने, म्हणजे पावलाचे आणखी तुकडे करून, आकडा बारीक दिसतो पण जोर तेवढा राहत नाही, म्हणून मध्ये बेल्टचं किंवा गिअरचं रिडक्शन टाकावं लागतं, दोन्ही बाजूंना. पुन्हा खर्च. तेव्हा स्क्रू की रॅक हा तुमचा तिसरा प्रश्न खरं म्हणजे सुटा प्रश्नच नाही, लांबी ठरली की त्याचं उत्तर आपोआप मिळतं.

आता साळ्याबद्दल. नाजूक विषय आहे, मी बाहेरचा माणूस, पण पत्र लिहिलंत म्हणजे बोलायची परवानगी आहे असं धरतो. त्याला एवढंच विचारा की मागच्या सहा महिन्यांत कोरीव काम असलेले किती दरवाजे गेले, कोणत्या मापाचे, आणि ते काम सध्या कोण करून देतो, कोणत्या भावाने. त्याने वहीत पाहून सांगितलं तर त्याच्या बोलण्याला वजन आहे. "अरे खूप जातात, तू बनव तर" असं उत्तर आलं तर ते प्रेम आहे, ऑर्डर नाही. आणि घरातल्याच माणसाच्या भरवशावर मशीनची साइज ठरवली की उद्या त्याचं काम कमी आलं तर मशीन बंद पडतंच, वर दिवाळीच्या जेवणातही खडे लागतात.

आणि दरवाज्यांचं म्हणाल तर सगळ्या दरवाज्यांना आठ बाय चार लागतही नाही. आपल्याकडच्या सगवानी दरवाज्यात चौकटीमध्ये पॅनल बसवलेले असतात, कोरीव काम त्या पॅनलवर असतं, आणि एकेक पॅनल दोन फुटांपेक्षा रुंद क्वचितच. पॅनल सुटे कोरायचे, सुतार चौकटीत बसवतो. फ्लश डोअरवर वरपासून खालपर्यंत वेल पाहिजे असेल तर ते एक काम बाहेर जॉबवर्कला द्या. शहरात आठ बाय चारची मशीनं लावून बसलेले लोक आहेत, त्यांचं मशीन तुमच्यापेक्षा जड आहे आणि रिकामं ठेवणं त्यांना परवडत नाही. डिझाइन तुमचं, फाइल तुमची, कटिंग त्यांचं, मधले पैसे तुमचे. लकडगंजात कोणा आरा-मशीनवाल्याला (लाकूड चिरणाऱ्याला) विचारा, तो तुम्हाला कोणाकडे जायचं ते सांगेल. वर्षभर असं केलंत की तुमच्याच वहीत आकडे येतील, आणि मग आठ बाय चारचा विचार साळ्याच्या नाही, त्या वहीच्या जोरावर करता येईल.

मग साइज किती? एक कागद घ्या, तुम्हाला विकायच्या वस्तू लिहा, समोर माप लिहा. नावाची पाटी, दीड फूट बाय आठ इंच. देवघराची जाळी, दोन बाय अडीचच्या वर गेलेली मी तरी कमी पाहिली. पॅनल, दोन बाय तीन. नंदी, सगळ्यात मोठा म्हटला तरी दीड फूट. ह्या यादीतलं जे माप आठवड्याला एकदा तरी लागणार ते धरा, वर्षातून एकदा लागणारं सोडून द्या. तुमची यादी माझ्या हिशोबाने ६०० बाय ९०० मिमी कामाच्या जागेत बसते, म्हणजे दोन बाय तीन फूट. मशीनचा बाहेरचा आकार त्याहून लांबी-रुंदीत एक ते दीड फूट जास्त धरा, म्हणजे ९५० बाय १३५० च्या आसपास. खोलीत चारी बाजूंनी फिरता येईल, आणि कुरडयांच्या डब्यांना एक भिंत राहील. खडूने जमिनीवर हे माप आखा आणि एक रविवार त्याच्या भोवती वावरून पाहा, शीट हातात घेऊन वळता येतं का, दार उघडतं का. हसू नका, खडू फुकट आहे.

आणखी एक युक्ती जी लोक विसरतात. गॅन्ट्रीच्या खालून मागे आणि पुढे मोकळं ठेवा, फ्रेमची आडवी पट्टी टेबलाच्या वर येऊ देऊ नका. मग सहा फुटी पट्टी असेल तर पहिले तीन फूट कापायचे, डॉवेलसाठी दोन भोकं मारून घ्यायची, पट्टी पुढे सरकवायची, त्याच भोकांच्या खुणेवर परत बसवायची, पुढचे तीन फूट. वेळखाऊ आहे पण होतं. आणि त्यासाठी मशीन दाराच्या रेषेत लावा, म्हणजे लांब पट्टीचं टोक दारातून गच्चीवर जाईल. भिंतीकडे तोंड करून लावलेलं मशीन कायमचं तीन फुटीच राहतं.

टाइपचं फार लांबवत नाही. टेबल फिरणारं मशीन जास्त ताठ असतं कारण गॅन्ट्री एका जागी घट्ट बसलेली असते, पण ९०० मिमीचं टेबल पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे जायला १८०० मिमीच्या वर जागा खातं. पितळेवर, ॲल्युमिनियमवर छोटं काम करणाऱ्याने तेच बनवावं, एक फूट बाय एक फूट, जड, आणि खूश राहावं. तुमचं काम लाकडाचं आणि पट्ट्यांचं, तर गॅन्ट्री फिरणारी. एक्सला (आडव्या चालीला) एक स्क्रू, वायला (लांबीच्या चालीला) दोन्ही बाजूंना एकेक, त्यावर नेमा २३ मापाच्या मोटरी, आणि रेल्स, म्हणजे ज्यावरून सगळं सरकतं त्या पट्ट्या, चौकोनी प्रोफाइलच्या घ्या, एचजीआर १५ किंवा २०. गोल रॉडच्या सपोर्टवाल्या एसबीआर रेल्स स्वस्त पडतात, चालतातही, पण थोड्याच दिवसांत तुम्ही त्या बदलायचं मनात आणालच. कंट्रोलर घेताना एकच प्रश्न विचारा, वायच्या दोन मोटरी वेगवेगळ्या होम होतात का, म्हणजे आपापल्या सुरुवातीच्या जागी येतात का. होत असतील तर रोज सकाळी मशीन स्वतःच गुण्यात येतं, नाही तर तुम्हाला हाताने ओढत बसावं लागतं.

झेड, म्हणजे वर-खालची चाल. इथे हात आवरा. प्रत्येकाला वाटतं उद्या जाड लाकूड आलं तर, परवा चौथा ॲक्सिस लावला तर, म्हणून गॅन्ट्रीखाली एक फूट मोकळं ठेवतात. बिटचं टोक गॅन्ट्रीपासून जितकं खाली लोंबेल तितका तरफेचा जोर वाढतो, आणि दोन फुटी मशीनचा सगळा ताठपणा तिथे वाहून जातो. १०० मिमी चाल आणि गॅन्ट्रीखाली साधारण तेवढीच मोकळी जागा, बस. झेडला ५ मिमी लीडचाच स्क्रू लावा, १० चा नको, कारण बॉल स्क्रू घर्षणाने अडत नाही, लाइट गेली की मोटर ढिली पडते आणि जड स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) आपोआप खाली सरकत जाऊन जॉबमध्ये, म्हणजे खालच्या लाकडात, रुततो. ५ च्या लीडला तो धोका कमी, तरी एक स्प्रिंग लावलेली बरी.

फ्रेमबद्दल तुमचं मत ॲल्युमिनियम प्रोफाइलचं आहे, व्हिडिओत सगळे तेच वापरतात म्हणून. दिसायला छान असतं, पण तुम्हाला वेल्डिंग येतं, इतवारीत लोखंडाचा स्क्वेअर पाइप वजनावर मिळतो, आणि तेवढ्याच मापात लोखंड ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ असतं. शिवाय आपलं हवामान पाहा. जानेवारीच्या पहाटे टिनाखाली १२ डिग्री, मेच्या दुपारी ४५ च्या वर. एक मीटर ॲल्युमिनियम एका डिग्रीला २३ मायक्रॉन वाढतं, लोखंड १२, म्हणजे ३० डिग्रीच्या फरकात ॲल्युमिनियमची फ्रेम आणि तिच्यावरची स्टीलची रेल यांच्यात मीटरमागे पाव ते एक तृतीयांश मिमीची ओढाताण. लाकडाच्या कामात माप बिघडत नाही एवढ्याने, पण बोल्ट ढिले होतात आणि रेल कधी जड कधी हलकी चालते, आणि मग आपण चूक सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसतो. फक्त लोखंडाला पूर्ण वेल्ड मारू नका, ओढल्या जातं. पाय आणि स्टँड वेल्ड करा, वरचा भाग बोल्टने जोडा, रेलच्या खाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घाला. प्रिंटएनसी नावाचं एक खुलं डिझाइन आहे, स्क्वेअर पाइप, प्रोफाइल रेल आणि बॉल स्क्रूचं, थ्रीडी प्रिंटेड जिग लावून भोकं मारायची, ते नीट वाचून काढा, जसंच्या तसं नाही बनवलं तरी पाइपाला पाइप कसा जोडायचा ते कळेल. बोल्टचं मशीन दारातून तुकड्यातुकड्याने जातं, हे तर आलंच.

स्पिंडलला २.२ किलोवॅटचा मोह होतो. १.५ पुरतो तुम्हाला. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) मी तुम्हाला काय शिकवणार, कंपनीत रोज लावता, पण एक लक्षात ठेवा, कंपनीतली मोटर ५० हर्ट्झची असते, ही ४०० हर्ट्झची, २४,००० आरपीएमची. पॅरामीटर न बदलता हात सवयीने ५० वर गेला की स्पिंडल रांगतो आणि गरम होतो, आणि फार खाली चालवणंही त्याला झेपत नाही. स्पिंडलची केबल शील्डवाली, तिचं अर्थिंग नीट, आणि लिमिट स्विचच्या (चाल संपली हे सांगणाऱ्या स्विचच्या) वायरींपासून लांब, नाही तर मशीन मध्येच स्वतःहून थांबतं आणि भूत लागल्यासारखं वागतं. वॉटर कूल्ड घेतलात तर पंप कुठून आणायचा म्हणून ऑनलाइन शोधू नका, कूलरचा पंप चालतो, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. पाणी डिस्टिल्ड टाका, बोअरचं टाकलं तर आत क्षार धरतो, आणि मेमध्ये मोठी बादली ठेवा, छोट्या बादलीतलं पाणी तासाभरात अंघोळीचं होतं.

कूलरवरून आठवलं, हे खास आपल्या गावच्यांसाठी. मशीनच्या खोलीत कूलर लावू नका. मला माहीत आहे टिनाखाली मेमध्ये माणूस शिजतो, पण कूलरची ओली हवा सरळ रेल्सवर बसते, दोन हप्त्यात तांबूस ठिपके दिसायला लागतात, स्पॉइलबोर्डचा (जॉबखाली घातलेल्या फळीचा) एमडीएफ फुगतो, आणि वर कूलर भुसा साऱ्या खोलीभर उडवतो. टिनाखाली थर्माकोल किंवा जुनं फॉल्स सीलिंग मारा, एक्झॉस्ट लावा, आणि एप्रिल-मेमध्ये कटिंग सकाळी सहा ते दहा. दुपारी डिझाइन करा, खाली बसून. रेल्स आणि स्क्रूवर तेलाचा हात फिरवायचा, पावसाळ्यात जरा जास्तच.

आणि आता तुमच्या घरातल्या आक्षेपावर येतो, जो तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलात पण मला सगळ्यात वजनदार वाटला. वहिनी फक्त डब्यांचं नाही बोलून राहिल्या. त्या गच्चीवर कुरडया, सरगुंडे, पापड वाळतात, आणि एमडीएफचा भुसा पिठापेक्षा बारीक असतो, चिकटतो, झटकून जात नाही. ते खाण्यात जाणं तर नकोच, श्वासातही नको. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात धरलंय, आणि एमडीएफच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं. तर स्पिंडलला ब्रशवाला डस्ट शू, त्याला व्हॅक्यूम, मध्ये एक सायक्लोन (हवेतला भुसा आधीच खाली पाडणारा डबा), हे नंतर पाहू या यादीत टाकायचं नाही. दीड लाखातले २५-३० हजार आधीच वेगळे काढा, व्हॅक्यूम, कार्बाइडचे बिट, क्लॅम्प, केबल चेन, इमर्जन्सी स्टॉप यांच्यासाठी. सगवान बिटची धार फार लवकर खातं, त्यात सिलिका असते, पहिल्या महिन्यातच चार-पाच बिट मोडतील नाही तर बोथट होतील, ते शिकण्याची फी समजा. आवाजाचं शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा, दुपारी एक ते चार झोपायची वेळ असते आपल्याकडे. आणि विकायचं काम घरच्या मीटरवर चालतं का ते महावितरणच्या ऑफिसात जाऊन विचारून घ्या, तिथे तुम्हाला ओळखीचं कोणी असेलच.

तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आधी शीक, हे बरोबर. पण ३०१८ म्हणजे ३०० बाय १८० मिमी, त्यावर तुमची दीड फुटी पाटी बसत नाही, सगवानात तो जोर पुरत नाही, आणि त्यावर शिकलेला कापायचा वेग मोठ्या मशीनवर निरुपयोगी. पीसीबी, ॲक्रिलिकच्या की-चेन करणाऱ्याने जरूर घ्यावी. तुम्ही शिकायचं ते कॉम्प्युटरवर शिका, मशीन नसताना. पाटीचं डिझाइन करा, टूलपाथ (बिटचा मार्ग) काढा, सिम्युलेशन पाहा, आणि एक फाइल जॉबवर्कवाल्याकडून कापून घ्या, तो जिथे शिवी देईल तिथे तुमची चूक आहे. एक हिशोबही हाताशी असू द्या, आरपीएम गुणिले बिटच्या धारा गुणिले एका धारेने उचलायची जाडी. १२,००० आरपीएम, दोन धारा, ०.१ मिमी, म्हणजे मिनिटाला २,४०० मिमी वेग. घाबरून याहून फार हळू चालवलं तर बिट कापत नाही, घासतो, आणि लाकूड जळाल्याचा वास येतो. नवीन माणूस वास आला की अजून हळू करतो, तिथेच फसतो.

ज्यांची परिस्थिती तुमच्यासारखी नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. खाली मोठी शेड आहे, थ्री फेज आहे आणि आठवड्याला पाच-सहा शीट खरंच कापायच्या आहेत, अशांनीसुद्धा घरी बनवायचं तर चार बाय चारचा विचार करावा, मागेपुढे मोकळं ठेवून, रॅक-पिनियनवर. पूर्ण शीट एकदा सरकवून दोन टप्प्यांत होते आणि मशीन अर्ध्या लांबीचं राहतं. त्याहून जास्त काम असेल तर घरी बनवायच्या भानगडीत पडू नये, तयार घ्यावं, कारण मशीन बनवणं हा वेगळा धंदा आहे आणि मशीनवर काम करणं वेगळा. आणि ज्यांना मशीन बनवण्यातच मजा आहे, विकायचं काही नाही, त्यांनी माझं काही ऐकू नये, पाहिजे ते बनवावं.

नंदीचं राहिलं. श्रावणाच्या अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा, म्हणजे हातात फार दिवस नाहीत, यंदा मशीन आणि नंदी दोन्ही जमणार नाही, यंदा फक्त डिझाइन. आणि एक गैरसमज काढून टाका, तीन ॲक्सिसचं मशीन कारागिरासारखा अख्खा नंदी ठोकळ्यातून कोरून देत नाही. बिट वरूनच येतो, पोटाखाली, पायांच्या मध्ये त्याला जाताच येत नाही. दोन बाजू उलटून कोरता येतात पण तासन् तास लागतात. त्यापेक्षा थर करा. १२ मिमीचे पाच थर, मधल्या थरात डोकं, मान आणि वशिंड, त्याच्या दोन्हीकडच्या थरात फक्त धड, बाहेरच्या दोन थरांत पाय, फेविकॉलने चिकटवा, रात्रभर क्लॅम्प, मग कडा पॉलिश पेपरने गोल करा. एका दोन बाय तीनच्या तुकड्यात किती नंदी बसतात ते आत्ताच कॉम्प्युटरवर मांडून पाहा. चाकाच्या दांडीचं भोक मात्र ६ मिमीच्या बिटने ६ चं काढायला जाऊ नका, बिट सरळ खाली घुसवला की भोक जळतं आणि आतून खडबडीत येतं, ३ मिमीचा बिट घेऊन गोल फिरवत काढा आणि ६.२ ठेवा, पोरं नंदी ओढतात तेव्हा चाक फिरलं पाहिजे, घासत नाही गेलं पाहिजे.